घरामागच्या डॉकवरून मासे धरताना: गळ पाण्यात सगळ्यात शेवटी

फ्लोरिडातल्या केप कोरलला आमच्या घरामागे खारा कालवा आहे. थँक्सगिव्हिंगपासून मार्चपर्यंत गावाकडची, न्यू जर्सीची, टेक्सासची माणसं येत-जात असतात. दरवर्षी पहिल्या संध्याकाळी तोच प्रकार होतो. कुणीतरी उत्साहात रॉड उचलतं, कोळंबी लावतं, कालव्याच्या मधोमध फेकतं आणि मग शोधाशोध सुरू होते: पक्कड कुठंय, जाळी कुठंय, मोजपट्टी कुठंय. तेवढ्यात मासा लागतो. मुलं ओरडतात, मासा डॉकच्या, म्हणजे घरामागच्या लाकडी धक्क्याच्या, तापलेल्या फळ्यांवर आपटतो, कुणाच्या तरी बोटाला काटा लागतो. जो सोडायचा असतो तो मरतो आणि जो खायचा असतो तो निसटतो.

चूक हौसेत नसते, क्रमात असते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. ते नैऋत्य फ्लोरिडातल्या, म्हणजे केप कोरल, पुंटा गोर्डा, फोर्ट मायर्स या पट्ट्यातल्या कालव्यांसाठी लिहिले आहेत. दुसऱ्या किनाऱ्यावर मासे आणि नियम थोडे बदलतील.

## टप्पा १: कालवा कुठला, परवाना कुणाला

केप कोरलमध्ये खारे आणि गोडे असे दोन्ही कालवे आहेत. भाड्याच्या घरात उतरला असाल तर घरमालकाला आधी विचारा, कारण दोन्ही पाण्यांचे परवाने वेगळे आहेत. सी-वॉलला, म्हणजे काठाच्या भिंतीला, कालवं (ऑयस्टर) चिकटलेली असतील आणि पाणी रोज चढत-उतरत असेल तर कालवा खारा.

परवान्याबाबत आपल्या लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत अशी: "आपल्याच घरामागे धरतोय, त्याला कसला परवाना?" लागतो. डॉक तुमचा असला तरी मासे राज्याचे आहेत.

फ्लोरिडाचे रहिवासी असाल आणि जमिनीवरून किंवा जमिनीला जोडलेल्या डॉकवरून धरणार असाल, तर किनाऱ्यावरचा परवाना फुकट मिळतो. पण काढावा लागतोच. १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, मग ती कुठलीही असोत.

आता आजी-आजोबांचं. ६५ वर्षांवरच्यांना सूट आहे हे ऐकून अनेकजण निर्धास्त होतात. ती सूट फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना आहे. रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आलेले सत्तरीचे बाबा नियमाप्रमाणे बाहेरचे पाहुणेच ठरतात आणि किनाऱ्यावरचा फुकट परवाना त्यांना चालत नाही. त्यांना ३ दिवसांचा १७ डॉलरचा, ७ दिवसांचा ३० डॉलरचा किंवा वर्षाचा ४७ डॉलरचा परवाना घ्यावा लागतो. ऑनलाइन काढला तर वर थोडा आकार पडतो. महिनाभर राहणार असतील तर वर्षाचाच घ्या. दुसऱ्या राज्यातून आलेल्या भावाबहिणींनाही हेच लागू आहे.

परवाना नको असेल तर वर्षात खाऱ्या पाण्यासाठी चार मोकळे दिवस असतात: जूनचा पहिला शनिवार आणि रविवार, सप्टेंबरचा पहिला शनिवार आणि थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. मापांचे नियम त्या दिवशीही पाळावे लागतात.

तपासा: १६ वर्षांवरच्या, रॉड हातात घेणाऱ्या प्रत्येकाचा परवाना फोनमध्ये आहे का?

## टप्पा २: मुलांना बोलावण्याआधी डॉक पाहा

२८ सप्टेंबर २०२२ ला इयन चक्रीवादळ इथे आदळलं. त्यानंतर कित्येक डॉक वरवर दुरुस्त झाले, पण फळीखालचा खिळा-स्क्रू सैल राहिला. डॉकवर सावकाश चाला, प्रत्येक फळीवर वजन टाका. वर आलेले स्क्रू ठोकून घ्या.

मग शिडी. इकडच्या सी-वॉल सरळ उभ्या काँक्रीटच्या असतात आणि त्यांवरची कालवं ब्लेडसारखी धारदार असतात. पाण्यात पडलेल्या माणसाला, चांगलं पोहता येत असलं तरी, भिंत धरून वर येता येत नाही. शिडी नसेल तर त्या डॉकवर लहान मुलांना नेऊ नका. शिडी असेल तर ओहोटीला तिची खालची पायरी पाण्यात राहते का, ते पाहून ठेवा.

मुलांना लाइफ जॅकेट घाला. "फक्त पाच मिनिटं" असली तरी घाला. पायात सगळ्यांच्या बंद बूट. चपला नकोत. माझ्या भाच्याच्या पायात चपला होत्या, आणि डॉकवर पडलेल्या शिंगाळ्यावर त्याचा पाय पडला. ती संध्याकाळ आम्ही गरम पाण्याच्या बादलीशेजारी काढली.

पाऊसकाळात, म्हणजे जून ते सप्टेंबर, दुपारी विजांचं वादळ जवळपास ठरलेलं. तेव्हा मासेमारी सकाळीच उरका. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

सावधान: कालवांनी किंवा खांबांनी कापलं तर लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा. उन्हाळ्यातल्या कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाने उघडी जखम घेऊन या पाण्याला हातच लावू नये. जखम लाल होऊन पसरायला लागली, ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका.

## टप्पा ३: सामान मांडा

रॉड सहा-सात फुटी, मध्यम ताकदीचा. लहानांना पाच फुटी. रीळ साधं स्पिनिंग, २५०० किंवा ३००० आकाराचं. दोरा १० ते १२ पाउंडाचा ताण सोसणारा तंगूस (नायलॉनचा दोरा). वेणीचा बारीक दोरा ताकदवान असतो, पण नवख्यांच्या हातात त्याचा गुंता होतो आणि तो बोट कापतो. तंगूसाच्या टोकाला १५ ते २० पाउंडाच्या फ्लुरोकार्बनचा दीडेक फुटाचा तुकडा जोडा, कारण खांबांवर घासून साधा तंगूस तुटतो.

गळ लहान घ्या. दुकानातून लोक ३/० किंवा ४/० चे भलेमोठे गळ आणतात आणि दिवसभर आमिष खाऊ घालत बसतात. डॉकखालच्या माशांचं तोंड बेताचं असतं. १ किंवा १/० चा सर्कल गळ (टोक आत वळलेला) पुरतो, मुलांसाठी त्याहून बारीक, ४ नंबरचासुद्धा चालतो. स्टेनलेस स्टीलचा नको. दोरा तुटून गळ माशाच्या तोंडात राहिला तर साधा गळ गंजून पडतो, स्टेनलेस राहतो. शिसं तळाला टेकण्यापुरतं, पाव ते अर्धा औंस.

पहिला गळ बांधण्याआधी डॉकवर ओळीने मांडायच्या वस्तू:

- लांब दांड्याची जाळी. ओहोटीला डॉकपासून पाणी बरंच खाली जातं. दोऱ्याने उचललेला मासा निम्म्या वाटेत सुटतो.
- लांब नाकाची पक्कड आणि तार कापायची कात्री.
- भिजवलेला जाड टॉवेल.
- मोजपट्टी. "अंदाजे" हा शब्द इथे चालत नाही.
- कालव्याच्या पाण्याने अर्धी भरलेली बादली.
- बर्फाची पेटी, आत थोडं पाणी घालून.
- तुटलेल्या दोऱ्यासाठी झाकणाचा डबा.

तपासा: रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरा किती जोराने सुटतो ते ठरवणारी चावी. दोरा हाताने ओढा. जोर लावल्यावर कुरकुरत सुटला पाहिजे. अजिबात सुटत नसेल तर पहिलाच मोठा मासा दोरा तोडेल, आणि सहज सुटत असेल तर मासा खांबामागे जाऊन बसेल.

## टप्पा ४: पाण्याची वेळ धरा

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही, पण इकडचं पाणी वेगळं वागतं. आपल्याकडे उधाणाला खाडी पुरुषभर चढते. इथे फरक जेमतेम दोन फुटांचा. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या ठरलेल्या, इथे काही दिवस एकच मोठी भरती येते. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की तो कालव्यातलं पाणीच बाहेर ढकलतो, आणि तक्त्यात भरती लिहिलेली असली तरी तुमच्या डॉकखाली चिखल दिसतो.

आणखी एक. भरतीचा तक्ता नदीच्या मुखाजवळच्या किंवा पुलाजवळच्या ठिकाणाचा असतो. वळणावळणाने पाणी तुमच्या घरामागे पोचेपर्यंत बराच वेळ जातो. एका सुट्टीच्या दिवशी एवढंच करा: डॉकच्या खांबावर खडूने खूण करा, दर अर्ध्या तासाने पाहा आणि तुमच्या डॉकची भरती तक्त्यापेक्षा किती उशिरा येते ते लिहून ठेवा. हा आकडा हातात आला की मासे लागण्यात जो फरक पडतो, तो महागड्या रॉडने पडत नाही.

मासे खातात ते पाणी चालतं असताना. पूर्ण भरतीला किंवा पूर्ण ओहोटीला पाणी थांबतं, तेव्हा मुलांना खाऊ द्या. मधले दोन तास धरा. बंद टोकाच्या कालव्यात उन्हाळी दुपारी तळाशी प्राणवायू कमी पडतो आणि मासे तिथे थांबत नाहीत. तेव्हा पहाट किंवा संध्याकाळच बरी.

## टप्पा ५: आमिष

जिवंत कोळंबी सगळ्यात चांगली, ताजी गोठवलेली चालते. किराणा दुकानातली उकडलेली, गुलाबी कोळंबी आणू नका. ती गळावर टिकत नाही.

मोठ्यांसाठी: जिवंत कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, त्याच्या खालून गळ आडवा घाला. आत काळा ठिपका दिसतो, त्याला लागू देऊ नका. तिथे लागलं की कोळंबी मेली.

मुलांसाठी: कोळंबी सोलून नखाएवढा तुकडा करा, गळाच्या वाकात घट्ट बसवा, टोक उघडं ठेवा. "मोठं आमिष, मोठा मासा" हे गणित डॉकवर चालत नाही. इथे पिनफिश नावाचे तळहाताएवढे मासे टोळीने असतात आणि ते अख्खी कोळंबी कुरतडून रिकामा गळ परत पाठवतात. नखाएवढ्या तुकड्यावर तेच पिनफिश पटापट लागतात. सहा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत चार पिनफिश मिळाले की तो पुढचे दोन तास बसतो. पहिल्या दिवशी त्याच्यासाठी एवढंच ठरवा. ताटात काय पडेल ते दुसऱ्या दिवशी बघू.

## टप्पा ६: लांब फेकू नका

सगळ्यांकडून होणारी चूक हीच. बहुतेक कालव्यांचा मधला भाग रिकामा, चिखलाचा असतो. मासे असतात तुमच्या पायाखाली: खांबांच्या सावलीत, सी-वॉलच्या कडेला, बोट-लिफ्टखाली. शीप्सहेड हा काळ्या पट्ट्यांचा मासा तर खांबांवरचे बार्नेकल (चिकटून बसलेले कवचाचे जीव) दातांनी फोडून खातो. त्याला सोडून मधोमध गळ फेकायचा म्हणजे ताट पुढ्यात असताना शेजारच्या आळीत जेवण शोधायचं.

१. रॉडचं टोक खांबापासून हातभर अंतरावर धरा.
२. शिसं तळाला टेकेपर्यंत दोरा सोडा.
३. एक-दोन वेळा रीळ फिरवून दोरा ताठ करा.
४. थांबा. बोट दोऱ्यावर ठेवा.

मुलांना फेकायला शिकवूच नका, निदान पहिल्या दिवशी. सरळ खाली सोडायला शिकवा. मागे उभ्या असलेल्याच्या कानात गळ अडकण्याचा धोकाही टळतो. दोन रॉडमध्ये हात पसरून दोन माणसांचं अंतर ठेवा. एका मोठ्या माणसामागे जास्तीत जास्त दोन मुलं, आणि त्या मोठ्या माणसाच्या स्वतःच्या हातात रॉड नको.

आता झटका. गावी आपण गरवायला बसलो की टोचणी लागताच झटका देतो. हाताला ती सवय असते. सर्कल गळावर झटका दिला की गळ तोंडातून सरळ बाहेर येतो. मासा ओढायला लागला की फक्त रीळ फिरवत राहा. गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. माझे सासरे देवगडच्या खाडीवर वाढलेले. त्यांना ही सवय मोडायला तीन दिवस लागले, पण चौथ्या दिवशी त्यांनी एकापाठोपाठ पाच स्नॅपर काढले, आणि सोडताना एकाच्याही घशात गळ गेलेला नव्हता.

सावधान: शेजाऱ्याच्या डॉककडे किंवा बोटीकडे गळ टाकू नका. मॅनेटी (समुद्रगाय) दिसली तर सगळे गळ वर घ्या आणि ती जाऊ द्या. हिवाळ्यात त्या कोमट पाण्यासाठी कालव्यात येतात. त्यांना होजने पाणी पाजणं किंवा पाला टाकणं बेकायदेशीर आहे, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

## टप्पा ७: मासा वर घेताना

जाळी आधी पाण्यात, मग मासा जाळीवर. मासा पाण्यात हुंदडत असताना जाळीने त्याच्यावर मारू नका.

मासा वर आला की हात लावण्याआधी बघा, कोण आहे. शिंगाळा असेल तर थांबा. आपल्या शिंगाळ्याचाच हा भाऊबंद: पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे, करवतीसारखे आणि विषारी. टॉवेलने दाबा, पक्कडीने गळ सोडवा, जाळीतूनच पाण्यात सोडा. पाकट लागली तर डॉकवर घेऊच नका. पाण्यालगत दोरा कापा. फुगणारा पफर मासा लागला तर गळ काढून सोडा. तो घरात शिजवायचा नाही, गावी कुणी काहीही सांगत असलं तरी.

काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने बघावं, कारण ठणकणाऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला, सूज वाढली किंवा श्वास जड झाला तर दवाखाना.

पेलिकन गळात अडकला तर घाबरून दोरा कापू नका. दोरा घेऊन उडालेला पक्षी पुढे झाडाला लटकून मरतो. सावकाश जवळ ओढा, डोक्यावर टॉवेल टाका, चोच धरा पण थोडी उघडी ठेवा, कारण तो तोंडानेच श्वास घेतो. गळाचं टोक पुढे काढून कात्रीने तोडा आणि गळ मागे घ्या. गळ गिळला असेल तर सॅनिबेल बेटावरच्या क्रो या वन्यप्राण्यांच्या रुग्णालयाला फोन करा.

## टप्पा ८: ओळखा, मोजा, मग ठरवा

सोडायचा मासा ओल्या हाताने धरा. कोरड्या हाताने आणि तापलेल्या फळीने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो गेला की मासा पोहत जातो, पण जगेलच असं नाही.

मँग्रोव्ह स्नॅपर: आपल्या तांबोशीच्या कुळातला, चवीला तसाच. किमान १० इंच, माणशी दिवसाला ५. तोंड मिटून, शेपटी चिमटीत दाबून टोकापर्यंत मोजा. गळ काढताना बोट तोंडात नको, पुढचे सुळे खोल जातात.

शीप्सहेड: किमान १२ इंच, माणशी ८. हा शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायचा, टोकापर्यंत नाही. इथे एक फसगत होते. ब्लॅक ड्रमचं पिल्लूही असंच पट्टेरी दिसतं. हनुवटीखाली बघा. मिशांसारखे धागे असतील तर तो ब्लॅक ड्रम, आणि त्याला १४ ते २४ इंचांचा वेगळा नियम आहे.

स्नूक: जिताड्याची आठवण करून देणारा, अंगावर एक लांब काळी रेघ. त्याला वेगळं परमिट लागतं, बंदीचा काळ असतो आणि मापाला खालची-वरची दोन्ही मर्यादा असते. हे सगळं माहीत नसेल तर फोटोही पाण्यावर धरूनच काढा आणि सोडा.

गोलाएथ ग्रुपरची पिल्लं या कालव्यांत वाढतात. आडवे गडद पट्टे, गोल शेपटी. त्याला पाण्याबाहेर न काढताच सोडायचं.

माप आणि हंगाम बदलत असतात. फ्लोरिडा फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन कमिशनच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचा नियम पाहून घ्या. ओळख पटत नसेल तर मासा सोडा.

सावधान: सी-वॉलवरची कालवं बघून आपल्या माणसांना राहवत नाही. मलाही पहिल्या वर्षी राहवलं नव्हतं, कोयता शोधायला गेले होते. ती खाऊ नका. घरांच्या आणि बोटींच्या सांडपाण्यातलं सगळं ती गाळून पोटात साठवतात, आणि राज्याने मोकळ्या ठेवलेल्या क्षेत्राबाहेर ती काढायला मनाई आहे.

## टप्पा ९: लगेच बर्फ, मग आवराआवर

ठेवायचा मासा बादलीत तडफडत ठेवू नका. कोमट पाण्यात तो तासाभरात मऊ पडतो. मोजला की थेट बर्फाच्या पाण्यात. साफ करण्याचं काम शेवटी, एकदम. डोकी आणि आतडी कालव्यात टाकू नका. पेलिकनना तिथे घिरट्या घालायची सवय लागते, पुढच्या वेळी तुमच्या गळावर तेच झडप घालतात. पिशवीत बांधा, कचऱ्याच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर गॅरेजमध्ये उभं राहवणार नाही. डोकी चांगली असतील तर कालवणाला बाजूला काढा.

तुटलेला दोरा सगळ्यात आधी उचला. पाण्यात गेलेला तंगूस वर्षानुवर्षं राहतो आणि मॅनेटीच्या हाताला, कासवाच्या मानेला आवळतो. बोटी उतरवायच्या उतारांवर पांढऱ्या पाइपच्या पेट्या लावलेल्या असतात, त्यात दोरा टाका. गळ मात्र त्यात टाकू नका, तोडून बाटलीत बंद करा.

रॉड-रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवा. जोरात मारलेलं पाणी मीठ रिळाच्या आत ढकलतं. ड्रॅग सैल करा आणि रॉड सावलीत उभे ठेवा. डॉकवरून शेवटी निघताना गळ मोजा. जितके बांधले होते तितके परत आले का ते बघा, कारण उरलेला गळ सकाळी कुणाच्या तरी अनवाणी पायालाच सापडतो.